मध गेल्यावर उरतं ते

पेल्यात उतरतानाच ही बिअर नेहमीच्या पिवळ्याधमक, पारदर्शक बिअरहून निराळी दिसते. रंग जुन्या तांब्याकडे झुकलेला, फेस दाट आणि किंचित पिवळसर, बुडबुडे संथ चढणारे. पेला नाकाशी नेला की आधी मध भेटतो आणि त्याच्यासोबत पोळ्याचं मेण, उन्हात वाळलेली फुलं, कुठल्याशा रानाचा कोमट वास. त्याच्या मागून धण्याची किंवा दालचिनीची ऊब येते, संत्र्याच्या सालीचा कडवट तजेला येतो. नाकानं एवढी ग्वाही दिल्यावर जीभ गोडाची वाट पाहत बसते, आणि पहिल्या घोटात तो गोड येतच नाही. तोंड उलट कोरडं होत जातं, जिभेच्या कडांवर हलकी चुरचुर उठते, घशातून छातीपर्यंत एक ऊब उतरत जाते. नाक मध म्हणतं आणि जीभ त्याला दुजोरा देत नाही. मध-मसाल्याच्या कडक क्राफ्ट बिअरपाशी येणाऱ्या पुष्कळांचा इथेच विरस होतो: मध घातलाय म्हणता, मग गोड का नाही? मला या पेयाचं मर्म नेमकं या विरसात दिसतं. इथे मध घालायचा तो नाहीसा होण्यासाठी. त्यामुळे किती गोडी आली यावर ही बिअर जोखणं म्हणजे तिला भलताच प्रश्न विचारणं. मध निघून गेल्यावर मागे काय राहिलं, हे तिला विचारायला हवं.

मध कुठे जातो, हे आधी पाहू. मधाचा सुमारे ८० टक्के भाग साखरेचा असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. ही साखरही मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या साध्या रूपात असते, कारण फुलातला मकरंद पोळ्यापर्यंत नेताना आणि पोळ्यात मुरवताना मधमाशीनं ती आधीच फोडून ठेवलेली असते. यीस्टच्या दृष्टीनं हे वाढलेलं ताट. जवाच्या माल्टचं तसं नाही. जव भिजवून, मोड आणून, वाळवून, गरम पाण्यात मुरवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते, पण सगळ्याची होत नाही. काही लांब साखळ्या तशाच राहतात, त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात, आणि त्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत. बिअर तोंडात भरीव लागते, घोटाला अंग असल्यासारखं वाटतं, त्यात या न पचलेल्या भागाचा मोठा वाटा असतो. म्हणून माल्टचा काही हिस्सा कमी करून त्या जागी मध घातला, तर बिअर गोड आणि जाड होण्याऐवजी हलकी, कोरडी आणि अधिक कडक होते. बेल्जियममधले बिअर बनवणारे हेच गणित साध्या साखरेनं मांडतात. त्यांच्या आठ-नऊ टक्क्यांच्या ट्रिपेल बिअर एवढ्या कडक असूनही जड होत नाहीत, याचं एक कारण ती साखर. तिथल्याच लेफेव्र या ब्रुअरीची बार्बार ही मध घातलेली बिअर ८ टक्क्यांची आहे.

मग साखर घालूनच का भागवू नये? मध महाग, आणि त्याची साखर तर यीस्टच खाऊन टाकणार. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मधातल्या त्या उरलेल्या चिमूटभर भागात आहे. फुलांची सुगंधी द्रव्यं, आम्लं, परागकण, मेणाचे अंश, हे सारं वजनात नगण्य. पण जांभळाच्या फुलोऱ्यावरचा मध किंचित कडवट का लागतो आणि संत्र्याच्या बागेतला मध वेगळा का दरवळतो, ते या नगण्य भागामुळेच. साखर विरून गेली की हा भाग उघडा पडतो. गोडीच्या गोंगाटात जो ऐकू येत नव्हता, तो आता ऐकू येतो. मात्र तो फार अल्लड असतो. मध माल्टच्या रसाबरोबर खळखळ उकळला तर सुगंध वाफेसोबत निघून जातो. किण्वन जोरात असताना घातला तर बाहेर पडणारा वायू त्याला सोबत घेऊन जातो. म्हणून जाणते लोक उकळी थांबल्यावर, बऱ्याचदा पहिला जोर ओसरल्यावर, मध घालतात. आपल्याकडच्या वैद्यांनी अरिष्ट करताना हाच क्रम पाळलेला आहे: आधी औषधींचा काढा, काढा निवला की मध किंवा गूळ, त्यात धायटीची फुलं, मग दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी अशांचं चूर्ण, आणि भांड्याचं तोंड बंद करून दिवसेंदिवस मुरवणं. आयुर्वेदानं तापवलेला मध निषिद्ध मानला त्यामागचा विचार निराळा आहे, पण परिणाम तोच झाला आणि दरवळ वाचला. द्राक्षासवाच्या किंवा दशमूलारिष्टाच्या बाटलीवर स्वयंजनित मद्यार्काचा जो आकडा छापलेला असतो, तो याच किण्वनाचा. मध, मसाले आणि आंबवणं हे त्रिकूट मराठी घराच्या औषधांच्या फळीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे; त्याला दारू म्हणून कुणी ओळखत नव्हतं, इतकंच.

मधाला माल्टचीही तितकीच गरज असते. नुसतं मधपाणी आंबवलं की मीड होतं, पण मधात यीस्टला लागणारं नत्र फार थोडं असतं. साखर भरपूर आणि पोषण तुटपुंजं, त्यामुळे मीड कुरकुरत, रेंगाळत आंबतं. माल्टचा रस ते पोषण आणतो. मध आणि माल्ट एकत्र आंबवण्याला वेल्समध्ये ब्रागॉड आणि इंग्रजीत ब्रॅगट म्हणतात, आणि वेल्सच्या मध्ययुगीन कायद्यांमध्ये राजाला द्यायच्या खंडणीत मीडच्या जोडीनं त्याचं नाव येतं. इथे माझ्या म्हणण्याला आडवा जाणारा एक पुरावाही आहे. १४व्या शतकात चॉसरनं गिरणीवाल्याच्या कथेत एका तरुणीच्या मुखाची गोडी सांगायला ब्रॅगटचीच उपमा वापरली आहे. म्हणजे त्या काळचं ब्रॅगट गोड होतं. होतंच. कारण त्या काळी बऱ्याचदा तयार ताज्या बिअरमध्ये वरून मध आणि मसाले घालत आणि मध पुरता आंबण्याआधीच ती संपवत. ती गोडी खरी असली तरी ती थोड्या दिवसांची पाहुणी होती. पिंप आठवडाभर जास्त राहिलं की यीस्ट आपलं काम पुरं करणार आणि गोडी ओसरणार, हे त्या बनवणाऱ्यांनाही ठाऊक असणार. मी ज्या बिअरबद्दल लिहितो आहे, ती त्या पिंपात राहून गेलेल्या बिअरची वारस आहे: जिला यीस्टनं शेवटपर्यंत नेलं, आणि जी म्हणूनच महिनोन्‌महिने टिकते.

नाहीशा झालेल्या मधाचा माग लागल्याचं सर्वांत सुंदर उदाहरण तुर्कस्तानात आहे. अंकाराच्या नैर्ऋत्येला गोर्डिअन ही फ्रिजियन राजांची जुनी राजधानी. तिथे पन्नास मीटरहून उंच असा मातीचा एक डोंगरच रचलेला आहे, आणि त्याच्या पोटात लाकडी ओंडक्यांची एक खोली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातर्फे रॉडनी यंग यांनी ती उघडली. आत साठीच्या घरातल्या एका पुरुषाचा सांगाडा होता आणि त्याच्या भोवती दीडशेहून अधिक कांस्य भांडी: मोठाल्या कढया, पळ्या, वाडगे, आणि सिंहाच्या व मेंढ्याच्या मुखाचे दोन देखणे घट. हात लावील त्याचं सोनं करणाऱ्या मिडास राजाची ही कबर, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. पण कबर ज्या काळची, त्या इसवी सनापूर्वी सुमारे ७४० या काळाशी मिडासच्या वडिलांचा मेळ अधिक बसतो. सोनं मात्र आत एक गुंजही नव्हतं. दफनाच्या वेळी शोककर्त्यांनी मेजवानी केली होती, आणि भांड्यांच्या तळाशी तिचा पिवळसर गाळ वाळून बसला होता. हा गाळ खरवडून कागदी पिशव्यांत भरला गेला आणि संग्रहालयात चाळीसेक वर्षं तसाच पडून राहिला. मग पॅट्रिक मॅकगव्हर्न या पुरातत्त्व-रसायनज्ञाच्या हाती तो आला. साखर किंवा मद्यार्क सापडण्याचा प्रश्नच नव्हता. अडीच हजारांहून जास्त वर्षांत ते केव्हाच गेले होते. सापडलं ते टार्टारिक आम्ल, म्हणजे द्राक्षं. कॅल्शियम ऑक्झलेट, जे जवाच्या बिअरच्या भांड्यांत खपलीसारखं साचतं. आणि ग्लुकॉनिक आम्लाचे क्षार, जी मधाची खूण. द्राक्षांची वाइन, जवाची बिअर आणि मधाचं मीड, तिन्ही एकाच भांड्यात एकजीव. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. प्रयोगशाळेत बसून त्या रसायनज्ञानं जे केलं, तेच पेला हातात घेतलेल्या माणसाला करावं लागतं असं मला वाटतं. दोघांच्याही समोर मध नसतो; तो असून गेल्याच्या खुणा असतात. एकाच्या खुणा आम्लाच्या आणि क्षारांच्या, दुसऱ्याच्या नाकाच्या मागच्या बाजूनं, घोट गिळून झाल्यावर वर चढणाऱ्या.

भाषेतही मध असाच नाहीसा होऊन मागे नाव ठेवून गेला आहे. संस्कृतातला मधु, इंग्रजीतलं मीड, रशियनमधला म्योद, लिथुआनियनमधला मेदुस ही सगळी एकाच मुळाची पोरं. ग्रीकमध्ये त्याच मुळाचा मेथु हा शब्द मात्र द्राक्षांच्या दारूचा झाला. आपल्याकडेही अगदी तसंच घडलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या कामांचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार दिले आहेत, आणि मधु म्हणजे द्राक्षांचा रस असं तिथे सांगितलं आहे. नाव मधाचं, पेय द्राक्षांचं. त्याच यादीतलं मैरेय गुळाचं असून त्यात पिंपळी आणि मिरी पडते. ज्या माणसांनी कधीकाळी मध आंबवूनच पहिली झिंग अनुभवली असेल, त्यांच्या वंशजांनी मध सुटला तरी त्याचं नाव सोडलं नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळतो. बिअर म्हणजे जव, हॉप्स आणि पाणी. त्यात मध, धणे, केशर घालणं ही भेसळ आहे, असं शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतात, आणि त्यांच्या हातात २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाटला जाहीर झालेला बव्हेरियाचा हुकूम असतो. हा हुकूम आदरानं वाचावा, पण पूर्ण वाचावा. त्याचा बराचसा भाग बिअर कुठल्या ऋतूत किती दराला विकावी याबद्दल आहे. केवळ जव वापरायला सांगण्यामागे गहू आणि राई पाववाल्यांसाठी राखून ठेवण्याचाही हिशेब होता. यीस्टचा तर त्यात उल्लेखच नाही. त्या हुकुमानं शुद्धतेची एक उत्तम शिस्त घडवली यात शंका नाही. जर्मन लागरचा नितळपणा त्या शिस्तीचं फळ आहे. पण हॉप्स हे बिअरचं जन्मजात अंग नव्हतं. त्याआधी उत्तर युरोपात कित्येक शतकं ग्रुट नावाचं मिश्रण वापरत, ज्यात दलदलीत उगवणारी आणि माळावरची सुगंधी झुडपं असत, आणि ते विकण्याचा हक्क सरदार आणि धर्मपीठं स्वतःकडे राखून असत. हॉप्स जिंकले ते बिअर जास्त टिकवतात म्हणून. आणि कुणाच्या मक्तेदारीत नव्हते, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं. १९८७ साली युरोपीय न्यायालयानं, या नियमात न बसणारी परदेशी बिअर ‘बिअर’ या नावानं विकायला जर्मनीनं घातलेली बंदी बेकायदा ठरवली. पण कोर्टाच्या निकालापेक्षा मला बव्हेरियातलीच गव्हाची बिअर अधिक बोलका साक्षीदार वाटते. तिला लवंगेचा स्पष्ट वास येतो आणि तिच्यात एकही लवंग नसते. तो वास तिचं खास यीस्ट तयार करतं. त्या द्रव्याला रसायनशास्त्रात ४-व्हायनिल ग्वायकॉल म्हणतात, आणि लवंगेतल्या युजेनॉलचं ते जवळचं नातलग. म्हणजे मसाला पिंपाच्या दाराशी अडवला, तरी तो पिंपाच्या आत जन्माला आलाच. धान्य, हॉप्स आणि पाण्यातूनच लवंग उमटते, तर लवंगेला परकी कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे आणि त्यात बरंच तथ्यही आहे. मसाले दोष झाकतात. कच्ची, घाईनं आंबवलेली बिअर दालचिनीच्या झुलीखाली खपून जाते, आणि क्राफ्ट बिअरच्या बाजारात असे नमुने कमी नाहीत. पण मसाला वाईट हातात पडला म्हणून मसाला वाईट ठरत नाही; तो कुठल्या मापानं घालावा हा प्रश्न उरतो, आणि त्याचं माप मराठी स्वयंपाकघराला फार जुनं ठाऊक आहे. पुरणात जायफळ असतं, पण पुरण खाताना जायफळ आठवलं तर ते जास्त झालं. आमटीत गोडा मसाला लागला पाहिजे. त्यातलं दगडफूल वेगळं ओळखू येता कामा नये. कडक बिअरमध्ये हे माप चुकणं अधिक सोपं, कारण तिथे मद्यार्क स्वतःच एक मसाला असतो. मिरचीतला कॅप्सेसिन, मिरीतला पायपरिन, आल्यातला जिंजेरॉल ज्या ग्राहीला चेतवतात, आणि जी एरवी तापलेल्या पदार्थाचा चटका ओळखते, तिलाच मद्यार्कही हळवी करतो. नऊ टक्क्यांच्या बिअरनं छातीत जी ऊब चढते आणि सुंठीच्या काढ्यानं जी चढते, त्या दोन्ही एकाच दारानं आत येतात. म्हणून अशा बिअरमध्ये आलं किंवा मिरी जराशी वाढली की घोट तापट होतो आणि मधाचा उरलासुरला माग पुसला जातो. उलट धणे, वेलची, संत्र्याची साल, केशर हे न पोळणारे मसाले त्या मागाला उजेड दाखवतात. मसाल्याला मी इथे दिव्याची वात मानतो. ती मोठी केली की भिंतीवर तिचीच सावली दिसायला लागते.

गोर्डिअनच्या त्या गाळातून एक आधुनिक बिअरही जन्माला आली. २००० साली पेनसिल्व्हेनियाच्या संग्रहालयात बिअरचे विख्यात लेखक मायकल जॅक्सन यांच्या सन्मानार्थ भोजन होतं. तिथे जमलेल्या ब्रुअरांसमोर मॅकगव्हर्न यांनी ते प्राचीन पेय पुन्हा घडवण्याचं आव्हान ठेवलं. डेलावेअरमधल्या डॉगफिश हेडच्या सॅम कॅलाजिओनी यांनी ते पेललं आणि ‘मिडास टच’ तयार झाली: जव, मध, पांढरी मस्कट द्राक्षं आणि केशर, ९ टक्के. सोनं नव्हतं त्या कबरीतून सोन्याच्या रंगाचं हे पेय निघालं. केशर मात्र गाळात सापडलेलं नव्हतं. कडवटपणा आणायला त्या लोकांनी काय वापरलं याचा पुरावा भांड्यात उरलाच नव्हता. त्या मुलुखात पिकणारं म्हणून केशर निवडलं गेलं. इतिहासाच्या काटेकोर अभ्यासकाला हे खटकतं, आणि त्याचं खटकणं मला मान्य आहे. यीस्ट आजचं, जव आजचा, पिंप पोलादाचं. हे पेय म्हणजे मिडासच्या घराण्याचं पेय नव्हे. तरीही त्यातून एक गोष्ट अशी कळते जी प्रयोगशाळेतला आलेख सांगू शकत नाही: द्राक्ष, जव आणि मध एकत्र आंबल्यावर एकमेकांशी भांडत नाहीत. ते तिघं तोंडात एकच चव होऊन राहू शकतात, हे चाखल्याशिवाय ठरवता आलं नसतं. जुन्या बंदिशीची नोटेशन हाती लागली आणि मधली एक ओळ फाटलेली असली, तर गवई ती ओळ स्वतःच्या अंदाजानं भरून बंदिश गातोच. ती ओळ आपली आहे एवढं त्यानं सांगितलं पाहिजे, आणि इथे ते सांगितलेलं आहे.

एक आक्षेप असा आहे ज्याला मी उत्तर देणार नाही, कारण तो बरोबर आहे. हे मद्य आहे, आणि कडक मद्य आहे. ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत ९ टक्क्यांच्या हिशेबानं सुमारे २३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये १३. मद्यार्काचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे. ज्या घरांनी दारूपायी माणसं आणि संसार गमावलेत, त्यांच्यासमोर चवीच्या बारकाव्यांची भाषा पोकळ वाटेल, आणि वाटलीच पाहिजे. चव घेणं हे पिण्याचं समर्थन नाही. एवढंच म्हणता येईल की या पेयाचं जे काही देणं आहे ते पहिल्या थोड्या घोटांत संपतं. त्यानंतर जीभ बधिर होते आणि मधाचा माग लागेनासा होतो. जो माग काढायला आला आहे त्याला वाटीभर पुरते.

आणि ती वाटीभरही थंडगार नको. फ्रीजमधून काढल्याबरोबर प्यायली तर सुगंध मिटून बसलेले असतात, फक्त फेस आणि कडवटपणा कळतो. दहा-बारा अंशांच्या आसपास ती बोलायला लागते, तळव्याच्या उबेनं आणखी थोडी. आधी साल आणि धणे पुढे येतात, मग मद्यार्काची ऊब, आणि सर्वांत शेवटी, घोट गिळून तोंड रिकामं झाल्यावर, श्वास नाकावाटे बाहेर सोडताना मेणाचा आणि फुलांचा एक क्षीण वास उमटून जातो. तो धरून ठेवता येत नाही. पुन्हा हवा असला तर थोडं थांबावं लागतं. पेला रिकामा झाल्यावर त्याच्या तळाशी एक पातळ, चिकट वलय राहतं. गोर्डिअनला शोककर्ते मेजवानी संपवून निघाले, लाकडी खोलीवर माती चढत गेली, तेव्हा घटांच्या आणि वाडग्यांच्या तळाशी असंच काही ओलं राहिलं असेल. त्यात कुठलं कडू मूळ होतं, कुठली पानं होती, ते तेवढं त्या ओलीबरोबर उडून गेलं.